पिंपरीतलं खारं पाणी

आधीच सांगून टाकते, या पानावरचे अनुभव मी रोज दुपारी वाचते आणि त्यातल्या निम्म्यांवर मनसोक्त हसते. पिंपळाखालची पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... त्या बाईला दुसरी साडी कुणी घेऊन देत नाही का, असं मला नेहमी वाटतं. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात आजीने देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले. भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं काही या घरात बोलायचं नाही, असं वडिलांनी आम्हा भावंडांना समोर बसवून सांगितलं होतं. दापोडीच्या आमच्या गल्लीत कुणी आजारी पोराला घेऊन भगताकडे निघालं की मी आडवी जायचे आणि दवाखान्यात न्यायला लावायचे. भांडकुदळ म्हणून माझं नाव होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

तर अशी मी हे लिहिते आहे, आणि लिहिताना मला वडिलांची लाज वाटते आहे. पण सून म्हणाली, आई, लिहा, नाहीतर हे तुमच्याबरोबरच जाईल.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा काळ. मी पिंपरीतल्या एका कंपनीत टेलेक्स ऑपरेटर होते. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती तिथे नाहीही. आमच्याकडे जहाजांवर बसवायचे डिझेल जनरेटर तयार व्हायचे. हो, पिंपरीत! समुद्र घाटाखाली, शंभर मैलांवर, आणि जहाजांची यंत्रं आमच्या माळावर. पण खरी गंमत पुढे होती. भर समुद्रात जनरेटर बिघडला तर जहाजावरून संदेश यायचा आमच्याकडे. जहाजाचा रेडिओवाला तो मुंबईच्या किनारा रेडिओ केंद्राला कळवायचा, तिथून तो एजंटच्या ऑफिसात जायचा, आणि एजंट माझ्या टेलेक्सवर धाडायचा. मी तो कागद फाडून टेस्ट शेडमध्ये इंजिनियर साठे साहेबांच्या हातात द्यायचे. साहेब उपाय सांगायचे, आणि तो उपाय त्याच वाटेने उलटा समुद्रात जायचा.

उपाय शोधायची साहेबांची पद्धत ठरलेली होती. शेडच्या मधोमध काँक्रीटच्या पायावर एक जनरेटर कायम बसवलेला असायचा, जहाजावर असेल अगदी तसाच, त्याच खेपेत बनलेला. सगळे त्याला जोडीदार म्हणायचे. जहाजावरच्या जनरेटरला जो आजार असेल तो आधी जोडीदाराला लावायचा. त्याचं तेल कमी करायचं, हवा अडवायची, पाणी तोडायचं... मग तो कसा वागतो ते बघून तिकडे औषध कळवायचं. साहेब हुशार होते, आणि पद्धतही चोख होती. कित्येक जहाजं त्या पद्धतीने बंदराला लागलेली मी पाहिली आहेत, म्हणजे कागदावर पाहिली आहेत.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. मी त्यांना आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही, पण इथे प्रकाश म्हणते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा. प्रकाश त्याच कंपनीत फिटर होते. हात सोन्याचा, पण एक गोष्ट त्यांना जन्मात जमली नाही — गाठ मारणं. डब्याचं फडकं बांधायचे ते कंपनीच्या गेटपर्यंत सुटायचं. धोतराच्या काळात जन्मला असतात तर घराबाहेर पडायची सोय नव्हती, असं मी त्यांना म्हणायचे. ते हसायचे आणि पुन्हा तशीच सैल गाठ मारायचे.

नवा जनरेटर जहाजावर बसवला की पहिल्या फेरीला कंपनीचा माणूस बरोबर जायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर प्रकाशचा नंबर लागला. मंगलोरहून कांडल्याला निघालेलं मालवाहू जहाज होतं, त्याला आपण मोहिनी म्हणू. जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना हात पुसायला चिंध्या फाडून दिल्या. तेव्हा प्रत्येक फिटरची बायको हेच करायची, कंपनीचा बोळा कधी पुरत नसे. माझी जुनी पिवळी साडी होती, हिरव्या काठाची, आईने लग्नात दिलेली. पार विरली होती. तिच्या काठाला एका जागी मी लाल दोऱ्याने रफू केलं होतं, कारण त्या दिवशी घरात हिरवा दोरा नव्हता. हे लक्षात ठेवा.

पुढचं सगळं भर दिवसा घडलं, चाळीस माणसं कामावर असताना. अंधार नव्हता, एकांत नव्हता.

ते जाऊन आठवडा होत आला होता. सकाळी कामावर गेले आणि थोड्या वेळाने मशीन खडखडलं. संदेश मोहिनीवरून होता. समुद्र खवळला आहे, मशीनखोलीत पाणी शिरतंय, पंप पाणी बाहेर फेकताहेत, पण नवा जनरेटर थोडा तापतोय, सल्ला द्या. खाली प्रकाशचं आडनाव. जहाजावरचा दुसरा, जुना जनरेटर आधीच मान टाकून बसला होता. म्हणजे नवा बंद पडला की पंप बंद, आणि पंप बंद की पाणी वर. मला यंत्रातलं कळत नसलं तरी एवढं कळत होतं. कागद हातात धरून मी शेडकडे अक्षरशः पळाले.

साठे साहेबांनी वाचलं. "काळजी करू नका, सुशीलाबाई. थंड करायचं पाणी कमी पडतंय, बस. आपण बघू या जोडीदारावर."

जोडीदार आमच्या नखाते मामांच्या ताब्यात असायचा. मामा रहाटणीचे, जुन्या शेतकरी घराण्यातले, अर्धं आयुष्य मशीनजवळ काढलेलं, तरी बोलणं मळ्यातलंच. जोडणी तपासण्यात दोनेक तास गेले, मग त्यांनी जोडीदार चालू केला. साहेबांनी स्वतः पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवून निम्मा बंद केला. जोडीदाराला पाणी शेडबाहेरच्या हौदातून यायचं, आपल्या पवना नदीचं. बरोबर त्या वेळी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, म्हणून ती वेळ माझ्या डोक्यात पक्की बसली. तापमानाचा काटा हळूहळू चढला. साहेबांनी काहीतरी टिपलं आणि व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडला.

पाणी पूर्ववत झालं नाही. बाहेर पडणाऱ्या पाइपाखाली बादली ठेवलेली असायची, तिच्यात करंगळीएवढीच धार पडत होती.

"वायसर गेला आसंल," मामा म्हणाले.

मी टेलेक्सवर परत आले. डबा उघडला. थोड्या वेळाने दुसरा संदेश आला. थंड पाणी अचानक निम्म्यावर आलं, कारण कळत नाही. आणि पुढे जहाजावरची वेळ दिली होती. ती भोंग्याची वेळ होती.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. आजार एकच, तर लक्षणं एकच असणार. मी वडिलांची मुलगी आहे. पण वेळेचं काय? सकाळच्या संदेशात नुसतं थोडं तापतंय एवढंच होतं. पाणी निम्म्यावर केलं होतं ते आम्ही. इथे, पिंपरीत, साहेबांच्या हाताने.

शेडमध्ये गेले तर साहेब आणि मामा बादलीवर वाकले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"बघ तूच," मामा म्हणाले.

बादलीतलं पाणी एका बाजूला चढत होतं. सावकाश... अगदी काठापर्यंत. मग तितकंच सावकाश दुसऱ्या बाजूला. यंत्राच्या थरथरीने पाण्यावर बारीक कंप येतो, तो मी रोज बघत होते. हे तसं नव्हतं. बादली जागच्या जागी होती, फरशी सपाट होती, शेजारच्या स्टुलावर साहेबांचा चहाचा ग्लास होता आणि त्यातला चहा हलतसुद्धा नव्हता. फक्त जोडीदारातून आलेलं पाणी डोलत होतं.

मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकले.

"खारं हाय."

"काहीतरीच काय, मामा," साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनीही चाखलं. मग मीही. पवनेचं पाणी प्यायलेली बाई आहे मी, जन्मभर. ते पाणी असं खारट होतं की घसा खवखवला. आणि वासही येत होता, ओल्या दोरखंडाचा, मासळीचा. मुंबईला धक्क्यावर एकदाच घेतलेला वास, पण विसरायचा नाही.

काटा तांबड्या रेघेजवळ आला होता. साहेब भानावर आले. "बंद करा. इंजिन जळेल."

"बंद करू नका," मी म्हणाले.

"सुशीलाबाई, तुम्ही आत जाऊन बसा."

"साहेब, तुम्ही इथे व्हॉल्व्ह फिरवलात तेव्हा तिकडे पाणी गेलं. हा घ्या कागद, वेळ बघा. आता हा बंद केलात आणि तिकडचाही बंद पडला तर?"

त्यांनी कागद वाचला. सुशिक्षित माणूस, विलायत पाहून आलेला. माझ्याकडे बघेना. मी तरी काय बोलत होते! लोकांना भर गल्लीत अडवून शहाणपण शिकवणारी मी, एका लोखंडी यंत्राच्या पाया पडायची बाकी होते. पण त्या क्षणी मला वडील आठवले नाहीत, दीक्षेच्या प्रतिज्ञा आठवल्या नाहीत. मला फक्त प्रकाश दिसत होते.

तेवढ्यात ऑफिसातली टायपिस्ट मुलगी धावत आली, मशीनवरचा कागद घेऊन. संदेश जहाजाच्या रेडिओवाल्याचा होता. मशीनखोलीत पाणी कमरेपर्यंत. जनरेटर आता कधीही थांबेल. गाळणी तुंबली असावी म्हणून तुमचा माणूस ती उघडायला पाण्याखाली गेला आहे.

गाळणी म्हणजे पाण्याच्या पाइपात बसवलेली बिडाची पेटी, झाकणाची, बादलीएवढी. कचरा तिच्यात अडकतो. ती जहाजावरही असते आणि जोडीदारालाही होती.

"मामा, आपली गाळणी उघडा," मी म्हणाले.

मामांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली, हो म्हणून. मामांनी हौदाकडचा नळ बंद केला, जोडीदार तसाच धापा टाकत चालू ठेवला आणि पान्हा लावला. बोल्ट निघाले, झाकण उचललं. आत काळंशार पाणी होतं, बर्फासारखं गार, आणि तेही डोलत होतं. मामांनी कोपरापर्यंत हात घातला.

"चिंधी हाय. पाइपाच्या तोंडात अडाकलीया."

त्यांनी ओढली. वीतभर बाहेर आली आणि थांबली. पिवळी होती. हिरव्या काठाची. काठावर लाल दोऱ्याचं रफू.

मामा दोन्ही हातांनी ओढत होते आणि चिंधी येत नव्हती. काटा तांबड्यात गेला होता, जोडीदार खोकत होता, आता थांबतो की मग असं झालं होतं.

"ओढा मामा," मी म्हणाले. "जोरात ओढा."

"येत न्हाई पोरी. पलीकडनं कुनीतरी धरल्यावानी लागतंय."

मी पदर खोचला, पुढे झाले आणि मामांच्या हातांच्या पुढे चिंधीला धरलं. आम्ही दोघांनी मिळून ओढलं. आणि पलीकडून हिसका बसला. चिंधी आत खेचली गेली, माझी बोटं पाण्यात बुडाली. आम्ही पुन्हा ओढली. पुन्हा हिसका. अडकलेलं कापड असं करत नाही. अडकलेलं कापड नुसतं अडकून राहतं, ते मागे ओढत नाही. मी पाय गाळणीच्या पेटीला लावला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. "अजून, मामा, अजून!"

एकदम सुटली. आम्ही दोघं मागे फरशीवर पडलो.

साहेबांनी झाकण दाबलं, हौदाचा नळ उघडला, आणि पाइपातून भसाभसा पाणी आलं. बादली भरून वाहायला लागली. काटा उतरू लागला. थोड्या वेळाने बादलीतलं पाणी स्थिर झालं, आणि साहेबांनी चाखलं तर ते गोडं होतं, आपलं नेहमीचं.

मामा उठले नाहीत. फरशीवर बसूनच आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "मासा न्हवं, कचरा न्हवं. मानसाचा जोर व्हता त्यो."

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. अंगावर खेकसलेच मी. त्यानंतर मामा त्या दिवसाबद्दल कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, अगदी निवृत्त होईपर्यंत.

तासाभराने संदेश आला. थंड पाणी आपोआप सुरू झालं, जनरेटर ठीक, पंप चालू, पाणी उतरतंय, सल्ल्याबद्दल आभार. सल्ला आम्ही पाठवलाच नव्हता. आणि त्या संदेशात प्रकाशचं नाव नव्हतं. मी उलट विचारलं, आमचा माणूस कसा आहे. संध्याकाळ झाली, उत्तर नाही. साहेब स्वतः माझ्यासोबत थांबले. मशीन शांत होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. ती ओली चिंधी माझ्या मांडीवर होती आणि साडी भिजून अंगाला चिकटली होती. एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही कधी वाटली नाही. शेवटी खडखड झाली. तुमचा माणूस सुखरूप. डाव्या मनगटाला जखम, मलमपट्टी केली आहे.

मी साहेबांसमोर रडले.

इथे कुणीतरी म्हणेल की प्रकाशनेच ती चिंधी आधी जोडीदाराच्या गाळणीत टाकली असेल. ती साडी मी ते निघायच्या आदल्या संध्याकाळी फाडली आणि पहाटे ते एसटीने मंगलोरला गेले, शेडमध्ये पाऊल न ठेवता. शिवाय त्या आठवड्यात मामांनी गाळणी दोनदा धुतली होती. आणि मीठ? ते कुणी टाकलं? मी याची उत्तरं शोधून दमले आहे, तुम्हीही शोधा.

प्रकाश कांडल्याहून घरी आले तेव्हा हाताला पट्टी होती. मी चहा ठेवला. त्यांना काही सांगायच्या आधी मी विचारलं, हाताला काय झालं.

"गाळणी पाण्याखाली होती," ते म्हणाले. "जहाज असं लोळत होतं की एका जागी उभं राहवेना. म्हणून तुझ्या साडीची चिंधी घेतली, एक टोक डाव्या मनगटाला बांधलं, दुसरं गाळणीच्या पाइपाला, आणि उजव्या हाताने बोल्ट खोलायला लागलो. श्वास संपला की वर यायचं, पुन्हा खाली जायचं. एक बोल्टसुद्धा निघाला नव्हता, सुशे. झाकण घट्ट बंद होतं. आणि कुणीतरी आतून ओढलं."

मी गॅस बारीक केला.

"चिंधी झाकणाच्या फटीतून आत जायला लागली. केस जायला जागा नाही त्या फटीत. माझा हात तिच्याबरोबर. मी मागे खेचायचो, ते पुन्हा ओढायचं. काय ताकद होती... एकाची नव्हती ती. मला वाटलं हात जातो, मग वाटलं मी अख्खा जातो. डोकं पाण्याखाली होतं, ओरडणार कुणाला. शेवटचा एक हिसका असा बसला की कातडी सोलून निघाली. पण चिंधी हातातून निसटली आणि आत गेली. लगेच जनरेटरचा आवाज सुधारला." त्यांनी पट्टी नीट केली. "कांडल्याला गाळणी उघडली. आत काही नव्हतं."

मी उठले, ट्रंकेतून चिंधी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. तिच्या एका टोकाला गाठ होती, अर्धवट सुटलेली, आणि गाठीपुढे मनगट जाईल एवढा फास. मग मी त्यांना सगळं सांगितलं. बादली, खारं पाणी, मामा. आणि मी काय म्हणत होते तेही सांगितलं. ओढा मामा, अजून, अजून...

प्रकाशने तो फास बोटांनी चाचपला. मग त्यांनी पट्टी बांधलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"गाठ घट्ट बसली असती तर?" मी विचारलं.

त्या गाळणीतून पिंपरीत काय बाहेर आलं असतं, हा विचार मी पुरा करू शकत नाही, आजही नाही.

पुढे त्यांनी जहाजाचं काम कधी घेतलं नाही. साठे साहेबांनी जोडीदाराला पुन्हा कधी आजार लावला नाही, नुसत्या यंत्राच्या आराखड्यांवर काम भागवलं. वर्षभरात ते नोकरी सोडून गेले. प्रकाश म्हातारे होऊन, घरी, अंथरुणावर गेले. मनगटाभोवतीचा पांढरा वण शेवटपर्यंत होता, कडं घातल्यासारखा. कारण काय, कसं, हे मला ठाऊक नाही. वडील असते तर म्हणाले असते, विचार कर, काहीतरी कारण सापडेल. चाळीसहून जास्त वर्षं मी विचार करते आहे.

एवढंच सांगते. त्या दिवसानंतरही ते डब्याचं फडकं तसंच सैल बांधत राहिले, आणि गेटपर्यंत ते सुटत राहिलं. मी त्यावरून त्यांना पुन्हा एक शब्द बोलले नाही.